"लग्नाचं काय ठरलंय?" हे विचारलं तर त्याच दिवशी लिहून ठेवा

मी पुण्याजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवते. कॅम्पस भरतीचं, म्हणजे कंपन्यांना मुलाखतींसाठी बोलावण्याचं, कामही माझ्याकडेच आहे. मागच्या सीझनला आमची एक मुलगी मुलाखत देऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मॅडम, मला टेक्निकल काही विचारलंच नाही." व्हर्नियरचा लीस्ट काउंट, मायक्रोमीटरची झीरो एरर, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स, सगळं घोकून गेली होती ती. विचारलं काय, तर घरी स्थळं बघतायत का? सेकंड शिफ्टला घरचे पाठवतील का? लग्नानंतर इथेच राहणार की नवऱ्याच्या गावी? तिच्या आधी आत गेलेल्या मुलाला टॉलरन्स विचारले होते. घेतलं त्यालाच. मार्क हिचे जास्त होते.

"असंच असतं गं," आमच्या स्टाफरूममध्येही कुणीतरी म्हणालंच. मला ते अजिबात मान्य नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या नावात वेतन होतं, पण त्याचं कलम ५ भरतीबद्दल होतं: सारख्याच कामासाठी माणसं घेताना बाई म्हणून डावलायचं नाही. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम ३ मध्ये हीच मनाई आहे, आणि ती खासगी कंपनीलाही आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद १६ सरकारी नोकरीपुरता. चाकण-भोसरीच्या खासगी कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आमच्या मुलींना उपयोग या कलम ३ चा.

मग अशा तक्रारी टिकत का नाहीत? जुने निकाल वाचताना मला त्याचं उत्तर सापडलं. १९६५ मध्ये बॉम्बे लेबर युनियनने सर्वोच्च न्यायालयात एक खटला जिंकला. एका औषध कंपनीच्या एका खात्यात मुलीचं लग्न झालं की नोकरी आपोआप संपायची. कंपनीचं म्हणणं असं, की काम गटाने चालतं आणि लग्न झालेल्या बायका जास्त खाडे करतात. न्यायालयाने ते मानलं नाही. १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात पहिल्या गरोदरपणाला हवाई सुंदरीची नोकरी जाण्याचा एअर इंडियाचा नियम रद्द झाला. भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान, असं न्यायालय म्हणालं. (त्याच निकालात पहिल्या चार वर्षांत लग्न करायची बंदी मात्र कायम ठेवली. मला ते आजही पटत नाही.) १९९१ मध्ये नीरा माथुर यांचं प्रकरण आलं. एलआयसीच्या फॉर्ममध्ये शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झालाय का, असे रकाने होते. बाळंतपणानंतर त्यांना काढून टाकलं होतं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाकायला सांगितलं.

या तिन्ही ठिकाणी मालकाचाच कागद होता, दोनदा नियम, एकदा फॉर्म. लष्करी परिचर्या सेवेतल्या सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढलं, तेही लेखी आदेशाच्या जोरावर. २०२४ मध्ये त्यांना ६० लाखांची भरपाई मिळाली. छत्तीस वर्षं गेली त्यात, पण कागद होता म्हणून निदान तेवढं तरी झालं.

आता असं कुणी लिहीत नाही. तोंडी विचारतात आणि मेल येतो, "सध्या जागा नाही." म्हणून कागद आपणच तयार करायचा. मी मुलींना सांगते, खोलीतून बाहेर आलीस की आधी लिही, मग चहा पी. कोण समोर होतं, किती वाजता, नेमके शब्द कोणते. सोबतच्या मुलांना काय विचारलं तेही त्यांच्याकडूनच लिहून घे. त्याच दिवशी मला मेल कर, म्हणजे तारीख राहते. लग्नाचा प्रश्न फक्त मुलींनाच विचारला हे दाखवता आलं, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नुसत्या हातांनी जावं लागत नाही.

यंदा कंपन्यांना जाणाऱ्या पत्रात मी एक ओळ घातली आहे: उमेदवाराला लग्न, मुलंबाळं, सासर यांबद्दल विचारू नये, आणि मुलाखतीच्या वेळी आमचे एक शिक्षक खोलीत बसतील. प्राचार्यांनी सही केली. एका एचआरने फोन करून "याची काय गरज?" असं विचारलं. मी त्यांना कलम ३ वाचून दाखवलं. ते येणार आहेत.