राज्य मंडळाची दहावी आणि फुकटचे व्हिडिओ: माझा अनुभव

दहावीच्या गणित-विज्ञानावर यूट्यूबला व्हिडिओंची कमतरता नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकाप्रमाणे लावलेले व्हिडिओ मात्र शोधावे लागतात. ‘क्लास टेन सायन्स’ टाकलं की येतं ते बहुतेक सीबीएसईचं, आणि एनसीईआरटीची (सीबीएसईच्या शाळांत याच संस्थेची पुस्तकं असतात) दहावी व बालभारतीची दहावी या दोन वेगळ्याच दहाव्या आहेत. त्यामुळे घरातल्या दहावीसाठी यादी करताना मी इयत्ता लिहून शोधणं सोडलं आणि घटकाच्या नावाने शोधलं. पुढचं सगळं २०१८ साली आलेल्या पुस्तकांना धरून आहे.

सुरुवात पुस्तकापासूनच करावी. पहिल्या पानावर आणि प्रत्येक पाठात क्यूआर कोड छापलेला आहे. ‘दीक्षा’ या सरकारी ॲपने तो स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. झेरॉक्स काढलेल्या किंवा चुरगळलेल्या पानावर कोड कधी कधी वाचला जात नाही. अशा वेळी कोडखाली छापलेली सहा अक्षरं ॲपमध्ये टाइप करावीत, काम होतं. डाउनलोडची सोय असेल ते वायफायवर उतरवून ठेवावं. हे साहित्य पाठाची ओळख करून द्यायला चांगलं आहे. उदाहरणं सोडवून दाखवणारा शिक्षक हवा असेल तर बाहेर पडावं लागतं, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

विज्ञान भाग १ घ्या. ‘गुरुत्वाकर्षण’ एनसीईआरटीच्या नववीत आहे, पण केप्लरचे नियम आणि मुक्तिवेग थेट अकरावीत. अकरावीच्या व्हिडिओत स्थितिज ऊर्जेचं सूत्र कलन (कॅल्क्युलस) वापरून काढतात, ते दहावीला नको. तेवढा भाग सोडून, सूत्र मिळालं तिथून पुढे पाहावं, पृथ्वीसाठी मुक्तिवेगाचं ११.२ किमी प्रति सेकंद हे उत्तर दोन्हीकडे एकच येतं. ‘उष्णता’ हा पाठही अकरावीत शोधायचा. तिथे सगळं ज्यूलमध्ये असतं आणि आपलं पुस्तक कॅलरीत बोलतं: बर्फाच्या वितळण्याचा अप्रकट उष्मा आपल्याकडे ८० कॅलरी प्रति ग्रॅम, व्हिडिओत सुमारे ३३४ ज्यूल प्रति ग्रॅम. आकडा एकच आहे, ४.१८ ने भागून पाहा. पण एकाच गणितात दोन्ही एककं मिसळली की उत्तर चौपटीने हुकतं.

उलट ओहमचा नियम, रोधांची एकसर व समांतर जोडणी, आरशांची किरणाकृती हे सीबीएसईच्या दहावीत आहे आणि आपल्याकडे नववीतच होऊन गेलेलं असतं. दहावीच्या वर्षात ते पुन्हा तासभर पाहण्यात वेळ घालवू नये. उजळणीला नववीचं पुस्तक पुरतं.

आणखी एक अडचण तारखेची. २०२३ मध्ये छापलेल्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकांतून आवर्ती वर्गीकरण, विद्युत मोटर आणि जनित्र, उत्क्रांती, शंकुछेद, भौमितिक रचना हे सगळं गळालं. राज्य मंडळाच्या पुस्तकात ते आहे. म्हणजे आपल्याला नव्या, चकचकीत व्हिडिओंपेक्षा २०१९-२० च्या जुन्या प्लेलिस्ट जास्त उपयोगाच्या. शोधताना घटकाच्या नावाला ते वर्ष जोडलं की डोबेरायनरची त्रिकं आणि न्यूलँड्सची अष्टकं ही मूलद्रव्यांची जुनी वर्गीकरणं शिकवणारे व्हिडिओ वर येतात. ते दिसले की लगेच स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये टाकावेत आणि प्लेलिस्टला पाठाचा क्रमांक द्यावा. मूळ चॅनलने व्हिडिओ काढून टाकला तर यादीत नुसती रिकामी जागा राहते, म्हणून अवघड घटकाला दोन पर्याय ठेवलेले बरे.

गणितात बीजगणिताचा पहिलाच पाठ पाहा. दोन चलांची दोन समीकरणं निश्चयक (डिटरमिनंट) मांडून सोडवायची क्रेमरची पद्धत एनसीईआरटीच्या दहावीत नाही. निश्चयक शोधले की बारावीचे तीन ओळी-तीन स्तंभांचे व्हिडिओ येतात. ‘टू बाय टू’ हे शब्द जोडावेत. इथला सापळा चिन्हाचा आहे. सीबीएसईचे शिक्षक समीकरण ‘एएक्स + बीवाय + सी = ०’ असं लिहितात, क्रेमरला सी उजव्या बाजूला लागतो. ती ओळ न लिहिता थेट निश्चयक मांडला की एक्स आणि वाय दोन्ही उलट्या चिन्हाचे येतात, आणि आकडे बरोबर दिसत असल्यामुळे चूक सापडत नाही. ‘अर्थनियोजन’ या पाठासाठी आयसीएसई या आणखी एका मंडळाच्या दहावीचे जीएसटी आणि शेअर्स-लाभांशाचे व्हिडिओ चालतात. दलालीवरचा जीएसटी, म्युच्युअल फंड, एसआयपी यांना पुस्तकातली सोडवलेली उदाहरणंच धरावीत. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे रद्द झाले, तरी उदाहरणात दिलेला दरच वापरायचा. राज्यांतर्गत विक्री असेल तर त्याचे केंद्र व राज्य असे निम्मे-निम्मे भाग.

भूमितीत ‘वर्तुळ’ सर्वांत विखुरलेलं आहे. स्पर्शिका सीबीएसई दहावीत, चक्रीय चौकोन नववीत, स्पर्शिका-छेदिकेची प्रमेयं आयसीएसईत. व्हिडिओतले शिक्षक सिद्धतेत कारणं तोंडी सांगून पुढे जातात. आपल्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक विधानापुढे कारण लिहावं लागतं, त्यामुळे सिद्धता पाहताना वहीत दोन रकाने आखून कारणांचा रकाना स्वतः भरावा.

खान अकॅडमीबद्दल थोडं सविस्तर. २००८ मध्ये ना-नफा संस्था म्हणून उभी राहिलेली ही साइट पूर्ण मोफत आहे आणि तिची खरी ताकद व्हिडिओपेक्षा खालच्या सरावात आहे: उत्तर चुकलं की पायरीपायरीने सूचना मिळते. पण तिथले भिंगांचे जुने व्हिडिओ अमेरिकन पद्धतीचे आहेत. त्यात वस्तूचं अंतर धन धरून दोन व्यस्तांची बेरीज करतात. आपल्याकडे कार्टेशियन चिन्हसंकेत: १/व्ही − १/यू = १/एफ (व्ही प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं, एफ नाभीय अंतर), आणि यू ऋण. उदाहरणार्थ, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी आणि वस्तू ३० सेंमीवर. यू = −३० घातलं तर १/व्ही = १/१० − १/३० = १/१५, म्हणजे प्रतिमा १५ सेंमीवर. त्यांचं धन ३० उचलून आपल्या सूत्रात घातलं तर येतात ७.५ सेंमी, साफ चूक. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत; सूत्र एकाचं आणि चिन्हं दुसऱ्याची घेतली की घात होतो. म्हणून किरणाकृती समजून घ्यायला कोणताही व्हिडिओ चालेल, गणितं फक्त पुस्तकाच्या संकेताने. भिंग हलवून पाहायचं असेल तर कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स मोफत आहेत.

पाहण्याची पद्धतही ठरवून घ्यावी लागते. शिक्षकाने प्रश्न फळ्यावर लिहिला की व्हिडिओ थांबवायचा, वहीत सोडवायचा, मग चालू करायचा. नुसतं पाहिलेलं सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पहिली ओळही सुचत नाही. ऑटोप्ले बंद. दर्जा ४८०पीच्या खाली नेला की रासायनिक समीकरणांतले पायाचे अंक पुसट होतात आणि २ की ३ ते कळत नाही. वेग वाढवायचा तर सिद्धांताला वाढवावा, सोडवलेल्या उदाहरणांना नाही. संगणकावर ‘जे’ कळ दाबली की व्हिडिओ दहा सेकंद मागे जातो. इंग्रजी व्हिडिओ असेल तर पुस्तकातले मराठी शब्द आधी समासात लिहून ठेवावेत, कारण उत्तर त्याच शब्दांत लिहायचं आहे.

मोटरसाठी पडद्यावर थांबू नये. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर साध्या मोटरचा व्हिडिओ आहे: एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, एक चुंबक आणि एनॅमल चढवलेली तांब्याची तार. हमखास बिघडतं ते एनॅमल खरवडताना. वेटोळ्याची दोन्ही टोकं सगळीकडून साफ केली तर अर्ध्या फेरीनंतर बल उलटं लागतं आणि वेटोळं नुसतं डुलत राहतं. एका टोकाची एक बाजू तशीच ठेवली की त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि वेटोळं आपल्या जडत्वाने पुढे जातं. वेटोळं अडकलं तर तार लगेच काढावी, ती तापते. परीक्षेत मात्र ही आकृती काढायची नाही. पुस्तकातल्या मोटरला स्प्लिट रिंग असते, ती प्रवाह तोडण्यावर थांबत नाही, दर अर्ध्या फेरीला त्याची दिशा उलटवते. आकृतीत रिंगचे दोन अर्धे भाग आणि त्यांना टेकलेले कार्बनचे ब्रश वेगवेगळे दाखवून नावं द्यावीत.