समेच्या आधी

"तू समेवर आलीस म्हणून थांबलीस, की थांबायचं होतं म्हणून समेवर आलीस?"

कथक शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आणि मला उत्तरच देता येईना. तिहाई, म्हणजे शेवटी तीनदा घ्यायचा तोच तुकडा, तर चोख बसली होती. तीनतालाच्या १६ मात्रा, तिहाईचा शेवटचा बोल 'धा' बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर.

"घुंगरू सोड. तेच परत कर, पण तो धा घेऊ नकोस."

उजवा पाय जमिनीपासून बोटभर वर राहिला. पोटरी थरथरायला लागली. इतकी वर्षं कथक करतेय, पण त्या जागी एवढी शांतता असते हे मला माहीतच नव्हतं.

तीन तासांत फक्त एवढंच झालं. एक न ठेवलेला पाय.

एरवी आपण हॉल तासावर घेतो, तोही कार्यक्रम ठरला की. घड्याळाकडे बघत बसवायचं, बसलं की निघायचं. चुका करून बघायला सवड कुठे? दिल्लीत 'गती' या नृत्यसंस्थेने २००९ पासून उन्हाळी रेसिडेन्सीत, म्हणजे काही काळ फक्त नव्या कामासाठी देणाऱ्या उपक्रमात, नव्या नृत्यरचनाकारांना स्टुडिओ, वेळ आणि जाणता मार्गदर्शक, हे तिन्ही एकत्र दिलं. असं आपल्या गावोगावी हवं, अगदी मनापासून वाटतं.

उद्या सकाळी परत त्याच मात्रेवर उभी राहणार आहे.

कार्यक्रम नसताना, नुसतं शोधायला म्हणून तुम्ही शेवटचं कधी नाचलात?