मनाली ते काझा: निघण्याआधी मी रस्ता कसा तपासते

हिमाचलमधल्या मनालीहून स्पितीतल्या काझाला जाताना कुंझुम खिंडीच्या वाटेवर "रस्ता चालू आहे का?" असं विचारलं की बहुतेक वेळा "चालू है" हेच उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. सकाळी सहाला एखादी बोलेरो रस्त्यावरून वाहणारा नाला ओलांडून गेली की सांगणाऱ्याच्या लेखी रस्ता चालू झाला. त्याच नाल्यात दुपारी तीनला हॅचबॅक अडकते. म्हणून मी तसं विचारतच नाही. कोणता टप्पा, किती वाजता पार केला आणि कोणत्या गाडीने, हे तिन्ही कळल्याशिवाय मनाली सोडत नाही.

अंतर सुमारे 200 किलोमीटर. अटल बोगद्यातून बाहेर पडून उजवीकडे कोकसर, मग ग्रांफू, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग 505 ने छत्रू, बातल, कुंझुम खिंड, लोसर. 'महामार्ग' या शब्दावर विसंबू नका, ग्रांफू ते बातल बराच भाग दगडगोट्यांतून जातो. बोगद्यातून गेलं की रोहतांग खिंडीच्या परवान्याचा प्रश्न येत नाही.

आठवडाभर आधी फक्त हंगाम बघते. कुंझुम साधारण मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत उघडते आणि ऑक्टोबर अखेरीस किंवा नोव्हेंबरात बंद होते. लाहौल-स्पिती पोलीस आणि जिल्हा प्रशासन रस्त्यांची स्थिती समाजमाध्यमांवर टाकतात. तिथे मजकुराआधी तारीख आणि वेळ वाचते, कारण दोन दिवसांपूर्वीची यादी या रस्त्यासाठी जुनी असते. चंद्रताल सरोवराचा फाटा वेगळा विचारावा लागतो. कुंझुम चालू आणि चंद्रताल बंद, असं अनेकदा असतं.

हवामान मी मनालीचं बघत नाही, म्हणजे बघते ते हिशेबासाठी. मनाली सुमारे 2050 मीटरवर, कुंझुम सुमारे 4550 मीटरवर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर वर तापमान 16 अंशांनी कमी. मनालीत 15 अंशांवर पाऊस पडत असेल तर खिंडीत बर्फ पडतंय असंच समजायचं, महिना जुलै असला तरी. जुलै 2023 मध्ये चंद्रतालला अडीचशेहून जास्त माणसं बर्फामुळे अडकली होती. हवामान खात्याचा कुल्लू किंवा लाहौल-स्पितीसाठी ऑरेंज अथवा रेड अलर्ट असेल तर मी तारीख पुढे ढकलते, आकाश कितीही निळं दिसो.

खरी माहिती मिळते ती आदल्या संध्याकाळी, काझाहून उतरलेल्या चालकांकडून. कुल्लू–काझा बसचा चालक सगळ्यात भरवशाचा, त्यानंतर शेअर टॅक्सीवाले. छत्रूच्या पुढे कुठे पाणी रस्त्यावरून वाहतंय, चाकाच्या कितपत आलं, तळाला गोटे आहेत की वाळू, कुठे रुंदीकरणासाठी वाहनं थांबवतात आणि किती वेळ, हे एकेक करून विचारते. त्याची गाडी कोणती हे विसरायचं नाही. टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याचं "आरामसे निकल जाओगे" हे त्याच्या चाकांच्या उंचीवरून आलेलं असतं. हॅचबॅकच्या पोटाखाली 165-170 मिलिमीटर जागा असते, डोक्याएवढा एकच गोटा तिला पुरतो. दोन चालकांची उत्तरं जुळली नाहीत तर मी दोघांनी नाला किती वाजता ओलांडला ते विचारते. फरक बहुतेक तिथेच असतो.

कारण हे नाले पावसाचे नाहीत, हिमनद्यांचे आहेत. रात्री वितळणं मंदावतं, पहाटे पाणी सगळ्यात कमी. ऊन चढलं की प्रवाह वाढत जातो आणि दुपारी-संध्याकाळी भरात येतो. शिवाय तळातले गोटे रोज सरकतात, त्यामुळे कालची वाट आज तीच असेल असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी पहाटे चारला निघते, म्हणजे छत्रू ते बातल दहाच्या आत मागे पडतं. सप्टेंबर अखेरीपासून मात्र गणित उलटं. पाणी कमी असतं, पण रस्त्यावर ओघळलेलं पाणी रात्रीत गोठून काळ्या रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा थर बनतो. तेव्हा खिंडीच्या वळणांवर ऊन पडल्यानंतरच पोहोचायचं, साधारण दहाच्या पुढे.

गुगल मॅपचा इथे उपयोग फक्त नकाशापुरता. वाहतुकीची माहिती त्याला रस्त्यावरच्या फोनांकडून मिळते, आणि कोकसर सोडल्यावर लोसरपर्यंत बहुतेक ठिकाणी नेटवर्कच नसतं. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घेते. 112 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 लिहून ठेवते. काझाला कधीपर्यंत पोहोचेन हे कुणाला तरी सांगून निघते.

इंधनाचा हिशेब परतीसकट करते, कारण या वाटेवर मनालीनंतर पंप थेट काझालाच आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये 15 चं अ‍ॅव्हरेज 10 वर येतं, म्हणजे काझापर्यंत 20 लिटर. पण कुंझुमवरून मागे फिरावं लागलं तर जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतात, म्हणजे 25 लिटर. टाकी काठोकाठ भरायची.

नाल्यापाशी आल्यावर घाई नाही. आधी उतरायचं आणि समोरची गाडी कुठून जाते ते बघायचं. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर थांबायचं. खाली असेल तर पहिला गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, मध्ये क्लच दाबायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सुरू करायचं नाही. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. दोर लावून ओढून काढायचं. बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवायचे.

कुंझुम बंदच निघाली तर मी कोकसरला उघडण्याची वाट बघत बसत नाही. औट, जलोडी खिंड, रामपूर, किन्नौर, नाको, ताबो या वाटेने काझाला दोन-तीन दिवसांत पोहोचता येतं. तिथे धोका नाल्यांपेक्षा दरडींचा, म्हणून पाऊस झाल्यावर किन्नौरमधल्या निगुलसरीची चौकशी आधी.

आणि छत्रूला दुपारचे दोन वाजून गेले असतील तर पुढे निघत नाही. तिथल्या ढाब्यावर झोपायला जागा मिळते. पहाटे पाचला तोच नाला घोट्याएवढा असू शकतो.