६२ वरून ७५ टक्के: अडलं होतं ते स्पार्जमध्ये नव्हे

घरी बिअर करताना मॉल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या सातूमधली) किती टक्के साखर हाती येते, ती कार्यक्षमता. अखेर तिचा आकडा हलला! मागच्या नोंदीनंतर स्पार्ज (धान्यावर गरम पाणी ओतून उरलेली साखर धुऊन काढणं) दोन हप्त्यांत केला, मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीचा) पीएच ५.४ वर आणला, वेळही वाढवला. कार्यक्षमता मात्र ६२ टक्क्यांना चिकटून होती. आयोडीन चाचणी तर दर वेळी स्वच्छ, म्हणजे स्टार्च उरलेला नाही.

उलगडा झाला तो पहिल्या वर्टची (मॅशमधून उतरणाऱ्या गोड पाण्याची) ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर जास्त तशी ती जास्त) स्वतंत्रपणे मोजल्यावर. किलोला ३ लिटर पाणी धरलं आणि सगळा स्टार्च विरघळला, तर स्पार्जचा थेंबही पडण्याआधी १.०८४च्या आसपास ग्रॅव्हिटी यायला हवी. माझी आली १.०६८. म्हणजे कन्व्हर्जनच (स्टार्चची साखर होणं) जेमतेम ७८ टक्के, आणि लॉटर (तयार साखर धान्यातून गाळून काढणं) ८०. दोन्हींचा गुणाकार बरोबर ६२! जी साखर तयारच झाली नाही, ती स्पार्जने कुठून धुऊन निघणार? आयोडीनचंही कोडं सुटलं: ते वर्टमधला स्टार्च दाखवतं, जाड कण्यांच्या पोटात अडकलेला नाही.

मग मोर्चा मिलकडे, म्हणजे मॉल्ट दळायच्या यंत्राकडे. रोलरमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजली तर १.२ मिमी, डायलवर मात्र १.० दिसत होतं. डायलवर विसंबू नका; गेज स्वस्त असतं आणि दोन्ही टोकांना लावून बघता येतं. फट ०.९ केली. भरड सुरेख पडली, पण टरफलंही फाटली आणि वर्ट इतका मंद उतरायला लागला की धीर सुटावा.

त्यावर उपाय मॉल्ट ओलवण्याचा. दळण्याआधी वजनाच्या २ टक्के पाणी, म्हणजे ५ किलोला १०० मिली, फवारून हाताने कालवलं आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं. टरफल चिवट होतं, आतला गाभा कोरडाच राहतो. दळल्यावर अख्खी, पोकळ टरफलं हातात आली तेव्हा फार आनंद झाला! पहिला वर्ट १.०८०, कन्व्हर्जन ९४, एकूण ७५. आणि उतरला झरझर.

मोजताना एक पथ्य: नमुना घेण्याआधी मॅश तळापासून ढवळा आणि नमुना झाकून थंड होऊ द्या. उघडा ठेवलात तर वाफ जाते आणि रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर वर्टमधली साखर मोजणारं उपकरण) आकडा फुगवून सांगतो. पीएचच्या कागदी पट्ट्या मी कायमच्या बाद केल्या आहेत; वर्टच्या तपकिरी रंगात त्यांची छटा ओळखूच येत नाही.

पुढच्या मॅशमध्ये निम्मा गहू आहे. सगळंच धान्य ०.७ वर दळायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. गव्हाला टरफल नसतंच, म्हणजे फाटण्याची भीती फक्त सातूची. तेव्हा गहू वेगळा, कोरडाच ०.७ वर, सातू ओलवून ०.९ वरच. शिवाय दर पंधरा मिनिटांनी ग्रॅव्हिटी घेईन. ती चढायची थांबली की मॅश संपला, घड्याळात काहीही वाजलेले असोत.