सव्वीस पौंड हवा आणि सेपांगचे ऊन

क्वालालंपूरचे आंतरराष्ट्रीय विमानतळ ज्या सेपांग जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात, विमानतळापासून अगदी जवळ, मोटोजीपी या मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतमालिकेतल्या मलेशियातील शर्यतीचा मार्ग आहे. हर्मान टिल्के यांनी आखलेला हा मार्ग १९९९ मध्ये खुला झाला. त्याची लांबी ५.५४३ किलोमीटर असून त्यावर १५ वळणे आहेत. फॉर्म्युला वनच्या मोटारी २०१७ नंतर येथे यायच्या थांबल्या, मोटारसायकली मात्र टिकून राहिल्या. हे ठिकाण विषुववृत्तापासून तीन अंशांच्या आत असल्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही दुपारचा उकाडा अंगाला चिकटून राहतो आणि आभाळ कधी फुटेल याचा भरवसा नसतो. 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणवणाऱ्या बेळगावात वाढलेल्या माणसाला पाऊस म्हणजे दिवसचे दिवस लागून राहणारी झडी एवढेच ठाऊक असते. येथे तो पाऊण तासात रस्त्याचा ओढा करतो आणि तासाभरात डांबर पुन्हा वाफाळू लागते. सेपांगच्या शर्यतीबद्दल घरी कोणी विचारले की मी वेगाविषयी न बोलता या हवेविषयीच आधी बोलतो.

२०२४ च्या दिवाळीत माझा मावसभाऊ बेळगावहून इकडे मलेशियात आला होता. तिकडे उद्यमबागेत त्याचे छोटे मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग्ज घासून, भोके पाडून, मापात आणून द्यायची, हा त्याचा रोजचा धंदा. मुख्य शर्यत रविवारी, ३ नोव्हेंबरला, म्हणजे नेमकी भाऊबीजेला होती. येथील दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडचे साडेबारा, त्यामुळे शर्यत सुरू होण्याच्या बेतात असतानाच बेळगावच्या शहापूरहून आक्काचा फोन आला आणि "गाड्या बघायला भाऊबीज चुकवलास की रे!" हे वाक्य आम्हा दोघांनाही ऐकावे लागले.

सेपांगचे मुख्य स्टँड दोन लांब सरळ रस्त्यांच्या मधोमध उभे आहे आणि हे दोन रस्ते स्टँडच्या टोकाशी, शेवटच्या पंधराव्या वळणावर, एकमेकांना मिळतात. त्या टोकाकडची जागा मिळाली तर गाड्या एका बाजूने येताना, समोर वळताना आणि दुसऱ्या बाजूने निघून जाताना दिसतात. बेळगाव परिसरात खाली (रिकामा) गाडा पळविण्याच्या शर्यतीत बांधावर उभारलेल्या माणसाला बैलजोडीची सगळी धाव एका नजरेत दिसते. येथे तसे होत नाही, एक फेरी दोन मिनिटांत होत असली तरी तिचा बराचसा भाग पडद्यावरच पाहावा लागतो. पण जो तुकडा डोळ्यांसमोर घडतो, तो टीव्हीवर कधीच कळत नाही. तीनशेच्या पुढच्या वेगाने आलेली गाडी ब्रेक लागताच पुढे अशी दबते की मागचे चाक जमिनीला जेमतेम टेकलेले किंवा तेवढेही नसते. चालक आतल्या बाजूचा पाय पायदानावरून सोडून हवेत लोंबकळत ठेवतो आणि गाडी कलती होताना तोच पाय पुन्हा जागेवर घेतो. हे सगळे आपण एक श्वास घेईपर्यंत उरकलेले असते. आवाजाबद्दल सांगायचे तर कानात बोळे घालूनही तो छातीत जाणवतो.

आता हवेकडे येतो, कारण माझ्या मते या शर्यतीचे खरे मर्म तेथेच आहे. मोटोजीपीच्या नियमानुसार २०२४ मध्ये पुढच्या टायरमधला दाब किमान १.८ बार असावा लागत होता. आपल्या हिशेबाने हे सुमारे सव्वीस पौंड होतात, म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीतल्या पंपावर आपण स्वतःच्या गाडीच्या पुढच्या चाकात जवळपास तेवढीच हवा भरून घेतो. मुख्य शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांत हा दाब राखला नाही तर चालकाच्या वेळेत १६ सेकंदांची भर पडते आणि तेवढ्यात तो अनेक जागा मागे जातो. अडचण अशी, की पुढच्या गाडीच्या मागे चिकटून धावणाऱ्याला तिची गरम हवा लागते, टायर तापतो, दाब वाढतो आणि नेमक्या ब्रेकच्या वेळी पुढचे चाक पकड सोडू लागते. उलट जो एकटाच पुढे निघून जातो त्याचा टायर वाऱ्याने थंड होऊन दाब खाली येतो. म्हणजे आपला गडी घोळक्यात अडकणार की सुटा पळणार, याचा अंदाज संघाला शर्यतीआधीच बांधावा लागतो. २०२५ मध्ये थायलंडच्या बुरिरामला मार्क मार्केझने केवळ दाब वाढवण्यासाठी आघाडी सोडून धाकट्या भावाला पुढे जाऊ दिले आणि शेवटच्या फेऱ्यांत त्याला गाठून शर्यत जिंकली. सेपांगसारख्या उष्ण ठिकाणी ही कसरत आणखी अवघड होते.

मावसभावाचे सगळे लक्ष ब्रेककडे होते. ओतीव लोखंडाची तबकडी फार तापली की ब्रेक मरतो, हे त्याला धंद्यामुळे चांगले माहीत, या गाड्यांच्या कार्बनच्या तबकड्या मात्र थंड असताना नीट धरतच नाहीत आणि दोन-अडीचशे अंशांच्या वर गेल्यावर कामाला लागतात, हे ऐकल्यावर तो बराच वेळ समोरच्या वळणाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे आपलं सगळं उलटंच की!"

त्या दिवशी वर्षभराच्या गुणांवर ठरणाऱ्या विजेतेपदाची चुरस होर्हे मार्टिन आणि फ्रान्सेस्को बान्याया यांच्यात होती. दोघेही डुकाटी कंपनीच्या गाड्यांवर, पण वेगवेगळ्या संघांत. आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत, ज्याला येथे स्प्रिंट म्हणतात, बान्याया नवव्या वळणावर पडला आणि मार्टिनने ती जिंकली. रविवारी पहिल्याच फेरीत दुसऱ्या वळणावर क्वार्तारारो, मिलर आणि बाइंडर एकमेकांत अडकून पडले आणि लाल बावटा लागला. याच मार्गावर २०११ मध्ये मार्को सिमोनचेल्ली या चालकाचा अपघाती मृत्यू झाला होता, त्यामुळे तिघेही थोडक्यात बचावल्याचे कळेपर्यंत आमच्या भोवतीचे लोक फारसे बोलत नव्हते. पुन्हा सुरू झालेली शर्यत १९ फेऱ्यांची ठरली. तिच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत त्या दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा मागे टाकले की मोजणे सोडून द्यावे लागले. विजेतेपद हातातोंडाशी आलेल्या मार्टिनने सावधपणे दुसरे स्थान राखायला हवे होते, असे अनेकांना वाटले असेल. मला मात्र तो भिडला तेच आवडले. शेवटी बान्याया जिंकला, मार्टिन दुसरा आणि बास्तिआनिनी तिसरा आला. मार्टिनची आघाडी २४ गुणांची उरली आणि पुढे बार्सिलोनात त्याने विजेतेपद पटकावले.

या बान्यायाचे आपल्याशी एक नाते आहे, जे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. मोटोजीपीच्या सर्वांत लहान वर्गात, मोटो थ्रीमध्ये, तो २०१६ मध्ये महिंद्राची गाडी चालवत असे आणि त्याच वर्षी याच सेपांगवर तो तिच्यावर जिंकला होता. महिंद्राने २०१७ नंतर हा खेळ सोडला. भारतात मोटोजीपी २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली खरी, पण पुढच्या वर्षी ती वेळापत्रकात टिकली नाही. मलेशियात १९९४ पासून लहान गाड्यांची 'कब प्री' ही राष्ट्रीय मालिका चालते, ज्या गाड्या येथील पोरे बाजाराला आणि कामाला जाताना चालवतात तशाच त्या असतात, आणि त्या शाळेतून वर आलेला झुल्फाहमी खैरुद्दीन २०१२ मध्ये सेपांगच्या मोटो थ्री शर्यतीत दुसरा आला. केवळ भव्य मार्ग बांधून चालक तयार होत नाहीत, हे मलेशियाने आपल्या आधी ओळखले असे माझे मत आहे. मावसभावाला ते पटले नाही. त्याच्या मते आपल्याकडे अडते ते पैशावर, पोरांवर नव्हे.

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीहून कोणी ही शर्यत पाहायला येणार असेल, तर छपराखालचीच जागा घ्यावी, कारण उन्हापेक्षाही अचानक येणारा पाऊस जास्त त्रास देतो. छत्रीने मागच्यांची नजर अडते, म्हणून रेनकोट बरा. कानात घालायचे बोळे घरूनच आणावेत. परतीच्या गर्दीत बाहेर पडायला शर्यत पाहण्याहून अधिक वेळ लागतो, तेव्हा त्याच रात्रीचे विमान ठरवू नये, विमानतळ कितीही जवळ दिसत असले तरी.