‘अतेलेस’च्या चिठ्ठ्या : दोन्ही कप्पे मोडीत

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की ‘अतेलेस’ची (ग्रीक शब्द, म्हणजे अपूर्णाची, तो ‘अ’ आपलाच, सख्खा भाऊ) चिठ्ठ्यांची पेटी लागली: अपुरेपणाबद्दल ग्रीक काय म्हणाले, त्याच्या नोंदी. दोनच कप्पे: ‘लिहिता लिहिता राहिलं’ आणि ‘मुद्दाम सोडलं’. पहिल्यात प्लेटोचा ‘क्रितियास’, म्हणजे त्याचा अर्धाच राहिलेला संवाद; दुसऱ्यात ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्तस याचा सल्ला: सगळंच सांगू नका, थोडं ऐकणाऱ्याला ताडू द्या.

रविवारी होमरच्या ‘ओडिसी’च्या २३व्या सर्गावरच्या प्राचीन टिपा काढल्या आणि घोळ झाला. ओळ २९६. ओडिसियस आणि पेनेलोपी, नवराबायको, एकदाची आपल्या जुन्या शेजेपाशी पोचतात. एक टीप सांगते, अरिस्तार्खस आणि अरिस्तोफानेस याला ओडिसीचं ‘तेलोस’ म्हणतात; दुसरी त्याच दोघांच्या नावावर ‘पेरास’ सांगते. वरवर पाहता दोन्हींचा अर्थ शेवटच. पण पुढे चांगल्या ६२४ ओळी आहेत! अलेक्झांड्रियाच्या या पंडितांना त्या उपऱ्या वाटल्या, की कथेने जे साधायचं ते इथे साधलं एवढंच म्हणायचंय? तीन संध्याकाळी यात गेल्या. माझा मधल्या आकाराचा ग्रीक कोश शाळकरी उताऱ्यांना ठीक. इथे त्याने हात टेकले. मोठाच घ्या, पैसे वाचवू नका.

उजेड पडला तो खालच्या मजल्यावर. पारायणाच्या फलकावर लिहिलं होतं, ‘उद्या सांगता’. स-अंग-ता! सगळ्या अंगांसह पुरं होणं. ‘पेरास’ म्हणजे हद्द, ‘तेलोस’ म्हणजे सांगता. वाद मिटला नाही, पण चिठ्ठीवर लिहायला शब्द मिळाला. त्या आनंदात दोन चहा झाले.

मग ‘क्रितियास’ची चिठ्ठी पुन्हा काढली. त्यात अटलांटिस या दंतकथेतल्या बेटाची गोष्ट आहे. चरित्रकार प्लुटार्क अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या चरित्रात म्हणतो, अथेन्सचं जसं झ्यूसचं देऊळ, तशी प्लेटोची ही कथा तेवढी अपुरी. लिहिलेलं जितकं सुखावतं तितकं राहिलेलं सलतं. (देऊळ पुढे रोमन सम्राट हेड्रियनने पुरं केलं. प्लुटार्क तेव्हा नव्हता.)

याच्या उलट ग्रीक टीकाकार डायोनिसियस. इतिहासकार थ्युसिडिडीसचा अथेन्स-स्पार्टा युद्धावरचा ग्रंथ आठव्या भागात मध्येच तुटतो, पण हा त्यालाच धारेवर धरतो: २७ वर्षांचं युद्ध सांगतो म्हणालास आणि किनोस्सेमाच्या आरमारी लढाईपाशी थांबलास? अथेन्सचे निर्वासित फिलेच्या किल्ल्यावरून परतले तिथे संपवायचं होतंस! राहिलेल्यालाच त्याने मुद्दाम सोडलेलं ठरवलं.

म्हणजे कप्पे लेखकांचे करून चालणारच नाही. टीकाकारागणिक करावे लागणार: कोणाला काय राहिलंसं वाटलं. हे लिहिता लिहिताच सुचलं, तेव्हा एकशेचाळीस चिठ्ठ्या पुन्हा लिहिणं आलं. या खेपेला जाड कागद. पातळावर शाई फुटते, आणि ग्रीक स्वरचिन्हं तर पार डाग होऊन बसतात.