भिंतीभर चित्रांच्या खोलीत

सोलापूर, रविवार रात्र

मंडाव्याच्या हवेलीतली ती खोली अजून मनातून हटत नाही. कपडे धुऊन झाले, बॅगा माळ्यावर गेल्या, उद्या सकाळी शाळेत हजेरी घ्यायची आहे, तरी डोळे मिटले की छताच्या कडेने हत्ती चालायला लागतात. विसरायच्या आत लिहून ठेवते.

मंडावा राजस्थानात, झुंझुनू जिल्ह्यात. त्या सगळ्या भागाला शेखावाटी म्हणतात. ठाकूर नवलसिंहांनी १७५५ मध्ये इथे गढी बांधली, तिच्या आसऱ्याने गाव वाढलं, व्यापारी येऊन राहिले. पुढे व्यापार उंटांच्या तांड्यांकडून मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांकडे वळला, तसे हे मारवाडी शेठ तिकडे गेले, भरपूर कमावलं आणि पैसा गावी पाठवून एकापेक्षा एक वरचढ हवेल्या उठवल्या. कुटुंबं मात्र हळूहळू शहरांचीच झाली. आज कित्येक हवेल्यांना मोठं कुलूप आणि दारात एक म्हातारा राखणदार. काहींची हॉटेलं झाली, त्यातल्या एकीत आम्ही उतरलो होतो. नाना गाडीत म्हणाले, "आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांतले श्रीकिसन सारडा, त्यांचं आडनाव इकडचंच की गं." खरंच आहे. आपल्या कापडपेठेतली कितीतरी आडनावं इकडूनच आलेली. त्यामुळे मला ते गाव पहिल्यापासूनच परकं वाटलं नाही.

खोलीचं दार इतकं बुटकं की नानांनासुद्धा वाकावं लागलं. दारावर गणपती. आत पाऊल टाकलं आणि मला क्षणभर कुठे बघावं ते कळेना. भिंत म्हणून मोकळी जागा कुठेच नव्हती. खालच्या पट्ट्यात वेलबुट्टी, तिच्या वर घोडेस्वार, त्यांच्यावर कृष्णाच्या गोष्टी, कोनाड्यांत सुरया आणि फुलदाण्या, छताच्या कडेने हत्तींची रांग, आणि छताच्या मध्यावर रास. मधोमध कृष्ण, भोवती गोपी, आणि दर दोन गोपींमध्ये पुन्हा एकेक कृष्ण. खिडक्यांना लाल, निळ्या, पिवळ्या काचा. पलंग इतका उंच की चढायला लाकडी पायरी ठेवली होती.

पलंगासमोर आगगाडी होती. इंजिनाला मोठं धुराडं, आणि डब्यांच्या एकेका खिडकीत एकेक माणूस, सगळे बाजूने दिसणारे, सगळ्यांचे डोळे मोठे. असं सांगतात की अशी चित्रं काढणाऱ्या बऱ्याच कारागिरांनी आगगाडी प्रत्यक्षात पाहिलेलीच नव्हती. शेठनी शहरातून येऊन वर्णन करायचं आणि यांनी ते भिंतीवर उभं करायचं. गावातल्या बन्सीधर नेवटियांच्या हवेलीवर तर विमान आणि टेलिफोनही आहे. ऐकीव गोष्टीवर इतका विश्वास ठेवून, इतक्या जीव लावून चित्र काढणारी ही माणसं मला फार मोठी वाटली.

नाना चाळीसेक वर्षं चादरीची डिझाइनं काढत होते. ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे, त्यावरून भोकं पाडलेली पंचकार्डं, मग ती नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर. त्यामुळे ते भिंतीकडे माझ्यासारखे बघतच नव्हते. चष्मा कपाळावर सरकवून, नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळ जाऊन, ते वेल कुठून सुरू होते आणि कोपऱ्यात कशी वळवली आहे ते शोधत होते. "कोपरा बघ. कोपऱ्यात कारागीर कळतो." मग दाराच्या मागे गेले. दार उघडं असलं की झाकली जाणारी ती वीतभर पट्टी, तिथेही तितक्याच निगुतीने मोर काढलेला. नाना बराच वेळ तिथे उभे होते. आपली चादर दोन्ही बाजूंनी दिसते, एका बाजूला ज्या रंगावर फूल, दुसऱ्या बाजूला त्याच रंगाचं फूल. अंगावर घेतली की एक बाजू कुणालाच दिसत नाही, तरी ती कच्ची सोडता येत नाही. त्यांना त्या मोराबद्दल काय वाटलं असेल, ते मला सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी राखणदारकाकांनी रंगांचं सांगितलं. जुनं काम ओल्या चुन्यावरचं. चुन्याचे थरावर थर द्यायचे, शेवटचा थर अगदी बारीक, तो ओला असतानाच रंग भरायचा आणि मग अकीक दगडाने घोटायचा. म्हणून इतक्या वर्षांनीही भिंत हाताला गुळगुळीत लागते. काळा काजळाचा, तांबडा गेरूचा, निळा निळीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीहून तयार रंग येऊ लागले, त्यांतला भडक निळा आणि लाल लगेच ओळखू येतो. गिलावा करणारे गवंडीच चित्रंही काढत. त्यांना तिकडे चेजारा म्हणतात.

दोन गोष्टी मात्र मनाला लागल्या. एसी बसवताना भिंतीला जे भोक पाडलंय ते सरळ एका घोडेस्वाराच्या छातीतून गेलंय. आणि जिन्यालगतची एक अख्खी भिंत ऑइलपेंटने नव्याने रंगवलेली आहे. चेहरे गुळगुळीत, ओठ लालभडक, डोळ्यांत काहीच नाही. पाहुण्यांना ताजं दिसावं म्हणून केलं असणार. मला फिकट पडलेलंच हवं होतं. आपल्याकडे १९५० पूर्वीच्या इमारतीलाच हेरिटेज हॉटेलचा दर्जा मिळतो म्हणतात. वय मोजणं सोपं आहे, आतलं जुनेपण सांभाळणं कठीण. तरीही कुलूप लावलेल्या शेजारच्या हवेलीत डोकावले, गिलाव्याचे पोपडे आणि पारव्यांची घाण बघितली, तेव्हा वाटलं की ऑइलपेंटवाली हवेली निदान उभी आहे, तिच्यात चूल पेटते आहे. (चुलीवरून आठवलं, नानांनी नेलेली शेंगाचटणी तिथल्या स्वयंपाकीकाकांना इतकी आवडली की डबा तिकडेच राहिला. बाजरीची भाकरी त्यांची, चटणी आपली. झकास लागलं.)

रात्रीचं लिहायचं राहिलं. दिवसा तिकीट काढून जे येतात ते भराभर फोटो काढतात आणि पुढच्या हवेलीत जातात. त्यांना ही खोली पहाटे दिसत नाही. नाना सवयीने पाचला उठले, मलाही जाग आली. आधी नुसता अंधार, मग छताजवळचे हत्ती राखाडी, मग उन्हाची तिरीप लाल काचेतून आली आणि आगगाडीतले दोन प्रवासी एकदम तांबडे झाले. तो डाग हळूहळू एकेक डबा पुढे सरकत गेला. नक्षी बघण्यासाठी नसतेच, तिच्यात राहायचं असतं, झोपायचं असतं, हे मला त्या पहाटे पटलं. चादरीच्या गावात वाढलेल्या मुलीला ते आधीच कळायला हवं होतं, असं नाना म्हणाले.

आपल्या सोलापूर महापालिकेची इमारत, इंद्रभुवन, सारखी आठवत होती. अप्पासाहेब वारदांनी इतक्या हौसेने बांधलेली ती वास्तू, आणि आपण तिथे जातो ते घरपट्टी नाहीतर दाखल्यासाठी, हातात कागद आणि नजर खिडकीच्या रांगेवर. पुढच्या महिन्यात सातवीच्या मुलांना घेऊन जाणार आहे. वह्या-पेन्सिली घेऊन, एकेकाने एकेक कोपरा काढायचा. परवानगीचं पत्र उद्याच लिहिते.

नानांनी मंडाव्याहून हत्तींच्या रांगेचं कच्चं चित्र काढून आणलंय. आज दुपारपासून ते ग्राफवर उतरवणं चालू आहे. सोंड वर केलेला हत्ती काही केल्या मापात बसत नाही, पुनरावृत्ती फार मोठी होते म्हणे. आधी टॉवेलच्या काठावर नमुना करून बघू, असं त्यांचं मत. मला चादरच हवी आहे.